डांबरी रस्त्यावरचा पाट

विजयमालाच्या लग्नात रुखवताभोवती बायकांची जी झुंबड उडाली, ती काही करंज्या बघायला नव्हती. एका बाजूला सगळ्यांच्यात असतं ते मांडलेलं, साखरेचं तुळशीवृंदावन, विणलेली तोरणं, मण्यांचा गणपती. आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या पराती! स्टीलच्या, पितळेच्या, एक तर चक्क तांब्याची, आणि प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या यात्रा कमिटीचं नाव घातलेलं. मागं चषकांची रांग. आणि सगळ्यात वर, जिथं बाकीच्या पोरी बाळकृष्ण बसवतात तिथं, झिजलेल्या बुटांचा एक जोड.

"ह्ये पायताण कुणी चढवलं गं वर?" मनुबाईनं विचारलं. मनुबाई म्हणजे वरमाय. इस्लामपूरच्या अलीकडं त्यांचा ऊस, घर, गोठा.

"नवरीनंच. ती म्हणली, ह्यांच्याबिगर मी नांदायला यायची न्हाई."

दुसरी एखादी वरमाय फुगून मांडवाबाहेर जाऊन बसली असती. मनुबाईनं बूट उचलला, उलटा केला, तळव्यावरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "एकाच बाजूनं झिजलाय की. का बरं?" आता सांगा, नवऱ्या मुलाची आई भर लग्नात नवरीच्या बुटाचा तळ तपासतीय. पण मनुबाई तशीच. तिला सोनं-नाणं, मानपान ह्याच्यापेक्षा "का बरं?" ह्याचं उत्तर मिळालं की पोट भरायचं.

तर अशी ही सून. माहेर कोरेगाव तालुक्यातली खडकेवाडी. वाडीच्या यात्रेत पैलवान लंगोट कसेपर्यंत लोकांनी उठून जाऊ नये म्हणून पोरींची पळायची शर्यत ठेवायचे. बक्षीस परात. विजयमालानं पहिली परात आणली तेव्हा तिची आई, बयाबाई, खूश झाली. दुसरी आणली तेव्हा शेजारणीला दाखवली. मग पोरगी आसपासच्या सगळ्या यात्रा पालथ्या घालायला लागली आणि बयाबाईच्या घरात माणसं कमी, पराती जास्त झाल्या. शाळेच्या मास्तरांनी तिला साताऱ्याच्या मैदानावर नेली. तिथनं ती सांगलीला शिकायला गेली, आणि सांगलीत तिला भेटली जरिना.

जरिना म्हणजे हळदीच्या बाजारातल्या शमशेरभाईंची लेक. तीही पळणारी. मैदानावर दोघी एकमेकींच्या जिवावर उठायच्या आणि मैदानाबाहेर एकाच गाड्यावर भडंग खायच्या. दहा हजार मीटरला राज्यात एका वर्षी ही पहिली, एका वर्षी ती. देशाच्या स्पर्धेत विजयमाला एकदा चौथी आली. चौथीला पदक नसतं. त्यावर ती कधी बोलायची नाही, म्हणून मनुबाई तिला दर थोड्या दिवसांनी विचारायची, "चौथीला काय देत्यात गं मग?"

"चा देत्यात, आत्ती."

"साखर आसती का त्यात?"

"न्हाई."

"बरं झालं परत आलीस."

लग्नानंतर नवरा जयराज पलटणीत गेला आणि सून पहाटेची रस्त्यावर. साखर कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्या चालल्यात, ट्रॉल्या चालल्यात, आणि मधनं ही वेणी उडवत चाललीय. भावकीत कुजबुज सुरू झाली. मनुबाईच्या कानावर आली. तिनं कुजबुज बाजूला ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "आवं, लुना काढा. बघू तरी कुठं जाती ती."

लालासाहेब फौजेतनं हवालदार होऊन आलेले. त्यांना हुकूम आवडायचा, दिलेला काय आणि घेतलेला काय. दुसऱ्या दिवसापास्नं सून पुढं आणि लुनावर सासू-सासरे मागं अशी वरात निघायला लागली. लालासाहेब मागनं ओरडायचे, "सीना बाहर! हात ढिल्ला!" मनुबाई मागनं ओरडायची, "आवं हळू चालवा, मी पडंन!" कुजबुज करणाऱ्यांना ह्याच्यावर काय बोलावं तेच सुचेना. आपोआप गप बसले.

मनुबाईला मात्र एकच गोष्ट छळायची. माणूस भीतीनं पळतं, गाडी चुकंल म्हणून पळतं, दूध उतू जाईल म्हणून पळतं. ही कशासाठी? आणि पळताना डोक्यात काय चालत असंल? ती रोज विचारायची. विजयमाला रोज वेगळं सांगायची. एकदा म्हणाली गाणं चालतं, एकदा म्हणाली कालव्यावरची कुत्री, एकदा म्हणाली भाजीत मीठ टाकलं का न्हाई ते.

"टाकलं हुतंस का?"

"न्हाई."

"तेच म्हणलं. जेवताना कळलंच."

मग अंकिता झाली. बाळंतपणानंतर विजयमाला पहिल्यांदा पळाली तेव्हा कारखान्याच्या फाटकापर्यंतच गेली आणि कठड्यावर बसून राहिली. पुढं दोन वर्षं ती पाय परत आणायला झटत होती. जरिना तोवर राज्यात पहिली, विजयमाला कुठंतरी सहावी, आठवी. ह्या वर्षी कोरेगावला अर्धमॅरेथॉन ठरली, एकवीस किलोमीटर, आणि त्यातल्या पहिल्या दोघी राज्याच्या संघात जाणार होत्या. भाकरी थापता थापता विजयमाला सासूला म्हणाली, "आत्ती, ह्यात निवड झाली तर मी शिबिराला जाणार. न्हाई झाली तर मग बास. शाळेत खेळाच्या बाईंची जागा हाय, ती धरते. लय झालं पळून."

मनुबाईच्या हातातला पापड मोडला. सून घरात बसली तर पहाट कशाला उजाडायची, असं तिला झालं. लुना कुणामागं काढायची? आणि ते डोक्यातलं कोडं तर तसंच राहायचं.

"रस्ता कुठनं हाय शर्यतीचा?" तिनं विचारलं.

"कोरेगावातनं निगायचं, वळसा घालून आमच्या वाडीतनं परत कोरेगावात."

"तुमच्या वाडीतनं?" मनुबाईचे डोळे चमकले. आणि तिथंच घोटाळा झाला.

आता, दोन इहिणी म्हटल्यावर एकमेकींना टोचणं हा हक्क असतो. मनुबाई आणि बयाबाई तर फोनवर त्याच्यासाठीच बोलायच्या. एक म्हणायची तुमच्या आंब्याला गोडी न्हाई, दुसरी म्हणायची तुमच्या उसालाच कुठं हाय. संध्याकाळी मनुबाईनं फोन लावला.

"इहीनबाई, लेक तुमच्या वाडीतनं पळत जाणार हाय म्हणं."

"व्हय तर! समदा गाव टाळ्या वाजवायला हुबा ऱ्हाणार."

"टाळ्या? नुसत्या टाळ्या?" मनुबाईनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. "आमच्यात बाई माहेरवाशीण गावाच्या शिवेतनं रिकाम्या ओटीनं जाऊ देत न्हाईत. तुमच्याकडची रीत निराळी आसंल."

पलीकडनं फोन आपटल्याचा आवाज आला. मनुबाईला वाटलं, बाजी मारली. फोन ठेवून ती हसत हसत भाजी निवडायला बसली आणि विसरून गेली.

शर्यतीच्या सकाळी लालासाहेबांनी जुनी जीप काढली. अंकिताला मांडीवर घेऊन मनुबाई पुढं बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती शर्यत बघायला चालली होती. सुनेला कोरेगावला सोडलं, जरिनाही तिथं भेटली. "चाची, आज तुमच्या सुनेला रडवते बघा," ती म्हणाली. मनुबाई म्हणाली, "रडव, पर दोघी एकदम या." आणि तिथनं ते वाडीत गेले, म्हणजे अधेमधे पळताना बघायला मिळंल.

वाडीच्या चौकात जीप थांबली आणि मनुबाई बघतच राहिली. भर डांबरी रस्त्याच्या मधोमध पाट मांडलेला. लाकडी, पितळी फुल्यांचा. भोवती रांगोळी. पाटाशेजारी सुपात तांदूळ, नारळ, खण, हळकुंडं, सुपारी. आणि दोन्ही बाजूंना ठेवणीतली लुगडी, साड्या नेसून अख्ख्या वाडीच्या बायका. मधे बयाबाई, नाकात नथ, हातात कुंकवाचा करंडा.

"या इहीनबाई," बयाबाई म्हणाली, "बघा आमच्याकडची रीत. डोळं भरून बघा."

अंकिताला नवऱ्याकडं देऊन मनुबाई घाईनं जीपमधनं उतरली. "आवं, ती पळत येणार हाय की!"

"मग? पाटावर हुबी ऱ्हाईल, पूर्वेला तोंड करंल, पाच जणी ओटी भरतील, पाया पडंल आन् जाईल पळत. कुणी आडीवलंय?"

लालासाहेबांनी पाट बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. बायकोला बाजूला घेऊन ते म्हणाले, "आगं, शर्यतीत भायेरच्या माणसानं हात लावला, खायला-प्यायला दिलं, तर पंच बाद करत्यात. आन् थांबली तर मागचीच पुढं जाती. ह्यो पाट म्हंजी शर्यत संपली. कुणाच्या डोक्यातनं निगालं ह्ये?"

मनुबाई रांगोळीकडं बघायला लागली. पण लालासाहेबांचा तिच्याबरोबर संसार जुना होता. त्यांनी नुसतं तिच्याकडं बघितलं.

मग मनुबाई कामाला लागली. आधी गोड बोलली, "इहीनबाई, मी चेष्टा केली हुती."

"चेष्टा? आमच्या गावाच्या मानाची?"

मग खरं सांगितलं, आज निवड झाली नाही तर पोरगी पळणंच सोडणार हाय. बयाबाईचा हात क्षणभर करंड्यावर थांबला. तिचे डोळे भरून आले. पण मागं सगळी वाडी उभी होती. एक म्हातारी म्हणाली, "आता ओटी मांडून मोडायची? इपरीत हाय ते. पोरीच्याच वाटंला यायचं." झालं! आता तर बयाबाई जास्तच घट्ट झाली. लेकीच्या काळजीनंच ती लेकीला अडवायला निघाली होती, आणि तिला कोण समजावणार?

लांबनं शिट्टी ऐकू आली. पंचांची मोटारसायकल वळणावर दिसली. तिच्यामागं जरिना, सडसडीत, एका लयीत. बायका सरकल्या, तिला वाट दिली, टाळ्या वाजवल्या. ती पाटाला वळसा घालून गेली, जाता जाता पाटाकडं बघितलं आणि एवढी दमलेली असूनही हसली. आणि मागं, ओढ्याच्या पुलावर, विजयमाला. तिच्या खांद्याला खांदा लावून पुण्याची एक लांबट पोरगी. दुसरा नंबर त्या दोघींच्यात लोंबकळत होता.

मनुबाईनं पुलाकडं बघितलं, सुपाकडं बघितलं, आणि सुनेच्या अंगावरच्या कपड्यांकडं बघितलं. बनियनसारखं काहीतरी आणि तोकडी चड्डी.

"आगं पर बयाबाई!" ती अशी ओरडली की कोंबड्या उडाल्या. "ओटी भरणार कशात? तिला पदर हाय का?"

सगळ्या बायकांनी वळून पुलाकडं बघितलं. खरंच की. पाट होता, सूप होतं, खण होता, नारळ होता. पदराचा विचार एकीनंही केला नव्हता. एक हळूच म्हणाली, "चड्डीच्या खिशात..." आणि तिच्या जावेनं तिला कोपर मारलं.

तेवढ्यात मनुबाई पाटावर चढली. चप्पल काढून, पूर्वेला तोंड करून, दोन्ही हातांनी पदर पसरून. "सून माझी, पदर माझा. घाला ह्यात. तिच्या मागनं शिवंपतुर मी घिऊन जाते. झाली का रीत?"

"आसं कुठं आसतं?" म्हातारी म्हणाली.

"आजपास्नं आसतं! घाला!"

बयाबाईनं सुपातनं पहिली ओंजळ भरून पदरात घातली. मग काय, बायकांची झुंबडच. तांदूळ, नारळ, हळकुंडं, वर आणखी घरून आणलेले लाडू. पदर खाली ओढायला लागला.

तिकडं विजयमालाला लांबनं काय दिसलं? भर रस्त्यात पाटावर सासू उभी, भोवती बायका, पदर पसरलेला. सासू इथं उभी म्हणजे पोरीला काही झालं का? तिचं पाऊल चुकलं. पुण्याची पोरगी हातभर पुढं गेली. मनुबाईला ते दिसलं आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "पळ! थांबू नगंस! समदं ठीक हाय, पळ!"

विजयमाला पाटाला वळसा घालून गेली. बयाबाई बाजूला उभी होती, जागची हलायची नाही अशी शपथ घेतल्यासारखी. पण आईच ती. लेक शेजारनं गेली तसा तिला राहवेना. करंड्यात बोट बुडवून ती दोन पावलं धावली आणि कुंकू लावलं. कपाळ हुकलं. कानावर लागलं.

आणि मागनं मनुबाई सुटली. कबूल केलं होतं ना, शिवेपर्यंत! अनवाणी, पदरात नारळ आपटतायत, तांदूळ सांडतायत, मागं चिमण्या. लालासाहेब अंकिताला खांद्यावर घेऊन ओरडतायत, "सीना बाहर! हात ढिल्ला!" हात ढिले केले असते तर सगळी ओटी रस्त्यावर आली असती. मनुबाईला त्या वेळी ऊस, घर, भावकी, काही म्हणजे काही आठवलं नाही. पुढं सुनेची वेणी, आणि पदराची दोन टोकं. शिवेवरच्या दगडाला टेकली तेव्हा तिला श्वास घेता येईना आणि हसू थांबेना.

कोरेगावात जीप पोचली तोवर शर्यत संपली होती. जरिना पहिली. विजयमाला दुसरी, शेवटच्या वळणावर तिनं पुण्याच्या पोरीला गाठलं होतं. पण मांडवात गलका चालला होता. तिसऱ्या पोरीचे मास्तर तक्रार घेऊन आले होते. हिला वाडीत बाहेरच्या लोकांनी मदत केली, हे बघा कानाला कुंकू.

मुख्य पंच वीरधवल सर. शांत, टोपीवाले. त्यांनी विजयमालाला विचारलं, "कुणी हात लावला का?"

विजयमाला म्हणाली, "आईनं लावला, सर." खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.

मनुबाई गर्दीतनं पुढं घुसली. पदर अजून तसाच, गाठ मारून पोटाशी धरलेला. "साहेब, मदत म्हणता? आवं तिला आडवायला हुब्या हुत्या समद्या! पाट मांडला हुता भर रस्त्यात! आन् ते माझ्यामुळं. मीच इहिणीला डिवचलं. पोरीला ठावं बी न्हवतं."

"पाट?" वीरधवल सरांनी टोपी काढली.

"ओटी भरायला," बयाबाई मागनं म्हणाली. तीही कुणाच्या तरी गाडीवर बसून आली होती. "माहेरवाशीण हाय ती, साहेब."

सरांचं स्वतःचं गाव तिथनं जवळच. त्यांना ओटी म्हणजे काय हे सांगायची गरज नव्हती. पण नियमाच्या पुस्तकात ती कुठं बसवायची हे त्यांना कळेना. "तिला खायला काय दिलं? पाणी?"

"तिला काय न्हाई. समदं हितं," मनुबाईनं गाठ सोडून दाखवली. दोन लाडू घरंगळून पंचांच्या टेबलावर गेले.

जरिना एव्हाना पोट धरून हसत होती. ती पुढं झाली. "सर, मी होते ना पुढं. मला त्यांनी वाट दिली, टाळ्या दिल्या. हिला पाटाला वळसा घालून जावं लागलं, वर सासूला बघून घाबरली ती वेगळीच. मदत झाली असेल तर मला झाली. बाद करायचं तर आधी मला करा."

वीरधवल सर मोटारसायकलवाल्या पंचाला बाजूला घेऊन बोलले. मग पुण्याच्या मास्तरांशी बोलले. बराच वेळ गेला. मनुबाईनं तेवढ्या वेळात एकदाही "का बरं?" विचारलं नाही, म्हणजे बघा काय अवस्था असंल. शेवटी सर आले आणि म्हणाले, "एका बोटाचं कुंकू, ते पण कानाला. त्यानं कोण पुढं गेलेलं नाही. उलट हिचा खोळंबाच झालाय. निकाल आहे तसा राहील. फक्त बाई, पुढच्या वर्षी रस्त्यावर पाट दिसला तर वाडीच वगळीन."

"मांडणार न्हाई, साहेब," बयाबाई म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "कडंला मांडला तर?"

विजयमाला रस्त्याच्या कडेला मटकन बसली. अंकिता तिच्या मांडीवर चढली आणि कानाचं कुंकू पुसायला लागली. मनुबाई तिच्यासमोर उभी राहिली.

"माझ्यामुळं जाणार हुतं गं समदं," ती म्हणाली.

"जाणार हुतंच," विजयमाला म्हणाली. तिनं सासूकडं बघितलं, भेगाळलेले पाय, विस्कटलेला अंबाडा, पदरातनं अजून गळणारे तांदूळ. "तुमाला पाटावर बघितलं आन् माझं पायच गेलं, आत्ती. वाटलं पोरीचं काय तरी झालं. मग तुमची हाक आली, समदं ठीक हाय म्हणून. मग म्हणलं, आता कशाला मागं बघायचं."

मनुबाई खाली तिच्या शेजारी बसली. तिचे तळपाय भाजल्यासारखे लाल झाले होते. विजयमालानं आपली पाण्याची बाटली उघडली आणि आधी सासूच्या पायांवर ओतली.

"शिबिराला कवा जायचं?" मनुबाईनं विचारलं.

"सोमवारी."

"अंकिताला मी बघते. तू जा."

"मामांना इचारायला पायजे," ती जीपपाशी उभ्या सासऱ्यांकडं बघत म्हणाली.

"मामांना मी सांगते, हुकूम म्हणून. त्यांना आवडतं," मनुबाई म्हणाली आणि पदरातला एक लाडू सुनेच्या हातावर ठेवला. "आता खा. आता कोण बाद करत न्हाई."